रोजच्या, परवडणाऱ्या सिगारची पारख : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिगार आधीपासून ओढणाऱ्या प्रौढांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. ज्यांनी अजून सुरुवात केलेली नाही, त्यांनी ती करावी असं यातलं एकही उत्तर सुचवत नाही. महागड्या सिगारबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. पण बहुतेक लोक जी सिगार खरोखर विकत घेतात, ती चांगली की वाईट हे कसं ठरवायचं, याबद्दल नीट सांगणारं फारसं कुणी भेटत नाही.

‘रोजची सिगार’ म्हणजे नेमकी कोणती?

दररोज ओढायची, असा त्याचा अर्थ नाही. पेटवण्यासाठी कुठल्याही निमित्ताची वाट पाहावी लागत नाही आणि अर्धी टाकून उठावं लागलं तरी जीव हळहळत नाही, ती रोजची सिगार. अमेरिकेतल्या दुकानात साधारण तीन ते पाच डॉलरच्या आसपास मिळणाऱ्या सिगार या गटात येतात. भारतात आयात शुल्क आणि कर धरून तीच सिगार कितीतरी महाग पडते. त्यामुळे आपल्याकडे ‘परवडणारी’ हा शब्द जरा सैल हातानेच वापरावा लागतो.

या गटात चार वेगवेगळ्या जाती आहेत आणि त्यांची एकमेकींशी तुलना करणं बरोबर नाही. पहिली, निकाराग्वा, होंडुरास किंवा डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये हाताने वळलेली, अखंड पानांची, बंडलमध्ये विकली जाणारी सिगार. दुसरी, हातानेच वळलेली पण आत पानांचे तुकडे भरलेली. तिसरी, युरोपातली यंत्रावर बनलेली छोटी कोरडी सिगार, जी आपल्याकडे शहरातल्या काही पानटपऱ्यांवरही दिसते. चौथी इटलीची तोस्कानो. ती धुरावर सुकवलेल्या केंटकी तंबाखूची असते, हिची परंपरा १८१८ सालापासून सांगितली जाते आणि बरेच जण ती मधोमध कापून दोन वेळा ओढतात. तोस्कानोचं रूप ओबडधोबड, चव धुरकट आणि कडक. तिला क्युबन सिगारच्या मापाने मोजलं, तर ती प्रत्येक वेळी नापासच होईल.

स्वस्त आहे म्हणजे पान हलकं असतं का?

असेलच असं नाही. सिगारचे तीन भाग असतात: आतलं भरण म्हणजे फिलर, त्याला बांधून ठेवणारं पान म्हणजे बाइंडर आणि सगळ्यांत वरचं दिसणारं पान म्हणजे रॅपर. यात सगळ्यांत महाग रॅपर. त्याला भोक चालत नाही, डाग चालत नाही, जाड शीर चालत नाही आणि रंग बंडलभर एकसारखा लागतो. अमेरिकेतल्या कनेक्टिकटचं शेड, म्हणजे सावलीतलं, पान तर शेतावर कापडाचा मांडव घालून वाढवतात. रॅपरच्या देखणेपणात थोडी तडजोड केली की किंमत झपाट्याने खाली येते आणि चवीला फारसा धक्का लागत नाही.

बाकीची बचत लाकडी पेटी न देता सेलोफेनमध्ये बंडल बांधून होते, जाहिरात टाळून होते आणि पान कमी काळ मुरवून होते. शेवटच्या बचतीकडे मात्र लक्ष ठेवा, कारण चव तिथेच मार खाते. काही कारखाने रंगाच्या किंवा आकाराच्या बारीक फरकामुळे बाजूला काढलेल्या सिगार ‘सेकंड्स’ म्हणून विकतात. चांगल्या कारखान्याचे सेकंड्स हा या व्यवहारातला सगळ्यांत चांगला सौदा आहे, असं माझं ठाम मत आहे.

एवढ्या चांगल्या स्वस्त सिगार क्युबाबाहेर कशा काय बनू लागल्या, यामागे इतिहास आहे. क्युबातल्या क्रांतीनंतर तंबाखूचा धंदा सरकारजमा झाला, १९६२ साली अमेरिकेने क्युबाच्या मालावर बंदी घातली आणि तिथले जाणते शेतकरी, वळणारे, पान मुरवणारे देशोधडीला लागले. त्यांनी आपलं कसब निकाराग्वातल्या एस्तेलीसारख्या गावांत नेलं. आज एस्तेलीत एकाच कारखान्यातून महागडी सिगारही निघते आणि बंडलातलीही.

आत तुकडे भरलेली, म्हणजे ‘शॉर्ट फिलर’ सिगार कमी प्रतीची मानावी का?

नाही. ती वेगळ्या प्रकारची मानावी. लाँग फिलरमध्ये पान एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड जातं. वळणारा कारागीर दमदार लिखेरो पान मधोमध ठेवतो, कारण ते सावकाश जळतं, आणि बाहेरच्या अंगाला लवकर पेट घेणारी सेको, व्होलादो ही पानं लावतो. त्यामुळे चव टप्प्याटप्प्याने बदलत जाते. शॉर्ट फिलरमध्ये सगळं आधीच मिसळलेलं असतं. चव पहिल्या झुरक्यापासून शेवटपर्यंत जवळपास तीच राहते. म्हणून इथे ‘चव बदलली नाही’ ही तक्रार होऊच शकत नाही. जी एकच चव आहे, ती चांगली आहे का, एवढंच पाहायचं.

उदाहरणादाखल क्युबाची होसे एल. पिएद्रा ही सिगार घ्या. पूर्णपणे हाताने वळलेली, तुकड्यांच्या भरणाची, क्युबाच्या मध्य भागातल्या रेमेदिओसकडच्या पानाची. तिची ‘कसादोरेस’ या आकाराची सिगार १५२ मिलिमीटर लांब आणि ४३ रिंगची. हातात घेतली की रॅपरवरच्या शिरा बोटाला लागतात, रंग कुठे फिका कुठे गडद, टोपी, म्हणजे तोंडाकडचं टोक झाकणारं पान, जराशी वाकडी. कापल्यावर तंबाखूचे दोन-चार कण जिभेवर येतातच. ते बोटाने काढायचे आणि पुढे जायचं. पेटल्यावर मात्र सुकलेलं गवत, लाकूड, मागून मिरपुडीचा चटका आणि क्युबन पानाची ती ओळखीची मातकट गोडी मिळते. शेवटच्या तिसऱ्या भागात ती तापते आणि कडू होते. तिथे ती सोडून द्यावी. या पैशात तिने आपलं काम चोख केलेलं असतं.

(रिंग म्हणजे जाडीचं माप. इंचाचे ६४ भाग धरले की ४३ रिंगची सिगार ४३ भाग जाड, म्हणजे साधारण १७ मिलिमीटर.)

दुकानात हातात घेतल्यावर काय तपासावं?

आधी दुकानदाराला विचारा, मगच हात लावा. अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे हलकेच दाबत न्या. पान किंचित दबलं पाहिजे आणि परत वर आलं पाहिजे. मध्येच कडक गाठ लागली तर तिथे धूर अडेल. पोकळ, मऊ जागा लागली तर तिथे सिगार तापेल आणि भसाभस जळेल. दाबताना चुरचुर आवाज आला तर ती कोरडी पडली आहे. स्पंजासारखी ओली लागली तर पेटवायला त्रास देणार.

मग पेटवायच्या टोकाकडे पाहा. पानांच्या घड्या सगळीकडे सारख्या पसरलेल्या दिसाव्यात. रॅपरवर टाचणीच्या टोकाएवढी गोल भोकं दिसली, तर तो तंबाखूचा किडा आहे. ती सिगारच काय, त्या पेटीतली कुठलीच घेऊ नका. पांढरट, केसाळ थर दिसला तर बुरशी.

शिरा, रंगातला फरक, थोडंसं वाकडेपण या गोष्टींना या किमतीत अजिबात गुण कापू नका. टोपी मात्र नीट बसलेली हवी, कारण ती सुटली की रॅपर तोंडातच उलगडतो.

कापायची आणि पेटवायची कशी?

टोपीचा फक्त दीड-दोन मिलिमीटर भाग उडवा. टोपीचा खांदा जिथे संपतो, त्याखाली पातं जाऊ देऊ नका. न पेटवता एक ओढ घेऊन पाहा. हवा सहज यायला हवी, पण हलका अडसर जाणवायला हवा. पेटवायला ब्युटेनचा लायटर किंवा लांब काडी घ्या. पेट्रोलच्या लायटरचा आणि मेणबत्तीचा वास पानात उतरतो. ज्योत टोकाला टेकवू नका, थोडी लांब धरून कडा सगळीकडून भाजून घ्या आणि मगच ओढा. स्वस्त सिगारबद्दलच्या निम्म्या तक्रारी घाईघाईने पेटवल्यामुळे उद्भवतात.

चव ओळखायची कशी? मला सगळ्या सिगार सारख्याच लागतात.

सुरुवातीला सगळ्यांचंच असं होतं, कारण आपण सगळं जिभेवर सोपवतो. जीभ गोड, खारट, आंबट, कडू अशा मोजक्याच चवी सांगते. बाकीचं सगळं नाकाचं काम आहे. धूर तोंडात घ्या, छातीत नेऊ नका, बराचसा सोडून द्या आणि उरलेला थोडा नाकावाटे सावकाश बाहेर काढा. जाणकार याला रेट्रोहेल म्हणतात. पहिल्या वेळी नाक झोंबेल. प्रत्येक झुरक्याला हे करायचं नसतं, पूर्ण सिगारमध्ये चार-पाचदा केलं तरी पुरे.

दुसरी गोष्ट, तीन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवू नका. कडकपणा म्हणजे निकोटीनचा जोर, तो डोक्यात आणि पोटात जाणवतो. भरदारपणा म्हणजे धूर तोंडात किती दाट, किती जड लागतो ते. आणि चव म्हणजे चव. फिकट कनेक्टिकट रॅपरची सिगार मवाळ असूनही चवदार असू शकते, आणि काळीभोर सिगार नुसती काळी असून आतून पोकळ निघू शकते. रंगावरून कडकपणा ठरत नाही. मादुरोचा, म्हणजे गडद काळपट रॅपरचा, काळेपणा जास्त उष्णतेत, जास्त दिवस मुरवल्याने येतो, आणि तसं पान उलट गोडसर लागतं.

चवीला नावं देताना परदेशी समीक्षकांची यादी पाठ करू नका. लाल चेरी आणि ओक तुमच्या रोजच्या खाण्यात नसतील, तर ते तुम्हाला सापडणार नाहीत. आपल्या स्वयंपाकघरातली नावं वापरा: भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, जायफळ, काळी मिरी, जरा जास्त भाजलेला रवा, काकवी, सुंठ, बिनदुधाचा कडक चहा. कुणी हसलं तरी हरकत नाही. दोन महिन्यांनी तुमचीच नोंद वाचून तुम्हाला ती चव आठवली पाहिजे, इतकंच नोंदीचं काम.

वाईट चवींनाही नावं द्या. नाकात चढणारा अमोनिया म्हणजे पान पुरतं मुरलेलं नाही. जिभेवर राहणारा धातूसारखा कडूपणा बहुधा घाईने ओढल्यामुळे येतो. तोंड कोरडं पाडणारा तुरटपणा कच्च्या पानाचा. आणि टोकाला गोडसर लेप लावलेला असेल, तर ती गोडी पानाची समजू नका.

वाकडी जळते, विझते, राख गळते. दोष कुणाचा?

वाकडी जळणं बऱ्याचदा पेटवण्यातून किंवा वाऱ्यामुळे होतं. लायटरने एकदा सरळ करा. पुन्हा पुन्हा त्याच बाजूला मागे पडली तर वळण्यात दोष. मधूनच जळत आत भुयार पडलं तर तोही वळण्यातलाच. विझण्याचं कारण मात्र ओल असू शकतं, किंवा तुम्ही गप्पांत रंगून पाच मिनिटं झुरकाच घेतला नसेल. मिनिटाला एक झुरका हा अंदाज बहुतेक सिगारना चालतो. शॉर्ट फिलरला थोडं आणखी सावकाश घ्या, ती लवकर तापते.

राखेचा रंग मुख्यतः जमिनीतल्या खनिजांवर अवलंबून असतो. पांढरी राख म्हणजे उत्तम सिगार, हा समज सोडून द्या. अखंड पानाची राख दोन-अडीच सेंटिमीटर टिकावी, तुकड्यांच्या भरणाची लवकर पडणारच.

किती सिगार ओढल्यावर मत बनवावं?

या पानावरचा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. महागड्या सिगारकडून आपण एक अविस्मरणीय तास मागतो. रोजच्या सिगारकडून मागायचं ते सातत्य. एक फार छान लागली आणि पुढच्या दोन ओढताच आल्या नाहीत, तर ते बंडल वाईट. पाचही नुसत्या ‘बऱ्या’ लागल्या, तर ते बंडल चांगलं. म्हणून एका सिगारवरून निकाल देऊ नये. पाचांचा पॅक घ्या आणि त्या वेगवेगळ्या दिवशी, पण शक्यतो एकाच वेळेला ओढा. रिकाम्या पोटी सकाळी आणि मटणाच्या जेवणानंतर रात्री, एकच सिगार दोन वेगळ्या सिगारसारखी लागते.

शक्य असेल तर घरातल्या कुणाला तरी सिगारवरची नावाची कागदी पट्टी काढून, वर नुसता आकडा लिहून द्यायला सांगा. पट्टीवरचं नाव आणि किंमत माहीत असली की जीभ त्यांच्या बाजूने बोलू लागते. नाव झाकल्यावर स्वस्त सिगारने महागड्या सिगारला मागे टाकल्याचा अनुभव ज्यांनी ज्यांनी हा प्रयोग मनापासून केला, त्या बहुतेकांना कधी ना कधी आलेला आहे.

गुण कसे द्यावेत?

माझी विभागणी शंभरात अशी: ड्रॉ, म्हणजे धूर किती सहज येतो, त्याला ३०, चवीला ३०, जळण्याला २०, पाच सिगारमधल्या सातत्याला २०. दिसण्याला शून्य. ज्या सिगारमधून धूरच येत नाही, तिच्या चवीला गुण देण्यात अर्थ नाही, म्हणून ड्रॉ आणि चव मी बरोबरीने धरतो. साठच्या खाली गेलेलं बंडल परत घेऊ नये. आणि नोंदवहीत शेवटी एकच ओळ लिहा: याच पैशात पुन्हा घेईन का? होय किंवा नाही. खूप आकडे मांडूनही हे उत्तर ‘नाही’ येत असेल, तर ‘नाही’च खरं.

नवीन आणलेली सिगार लगेच ओढून पाहिली तर?

ओढा, पण निकाल देऊ नका. प्रवासात तिची ओल कमी-जास्त झालेली असते आणि स्वस्त सिगार बऱ्याचदा कारखान्यातून लवकर बाहेर पडलेली असते. नीट ओलीत दोन-तीन आठवडे पडू द्या. अमोनियाचा वास येत असेल तर काही महिने. अमोनिया उडून जातो, तिखटपणाची धार बोथट होते. पण मुळात ज्या पानात चव नाही, त्यात ती वर्षभर ठेवूनही येत नाही.

ह्युमिडॉर, म्हणजे सिगारची ओल राखणारी पेटी, नाही. मुंबईच्या पावसात आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात सिगार ठेवायच्या कशा?

रोजच्या सिगारसाठी महागडी लाकडी पेटी घेऊ नका. घट्ट झाकणाचा, वास नसलेला, अन्न ठेवण्याच्या दर्जाचा प्लास्टिकचा डबा आणि ६५ टक्क्यांचं आर्द्रतेचं पाकीट एवढं पुरतं. ही पाकिटं कोरड्या हवेत ओल सोडतात आणि दमट हवेत शोषून घेतात. स्वतंत्र आर्द्रतामापक ठेवणार असाल तर आधी तो तपासून घ्या: बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थोडं पाणी घाला, ओलसर लगदा होईल इतकंच, आणि मापकासोबत बंद पिशवीत रात्रभर ठेवा. आकडा ७५ यायला हवा. जेवढा फरक, तेवढा हिशोबात धरा.

पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत बाहेरची हवा नव्वदीला टेकते. डबा वारंवार उघडला की ती आत शिरते, सिगार फुगते, रॅपर तडकतो, बुरशी येते. या दिवसांत एका वेळी हव्या तेवढ्याच काढा.

नागपूर-अकोल्याकडचं संकट वेगळं आहे. तिथे उष्णता किड्याची अंडी उबवते. तापमान १८ ते २१ अंशांत राहिलं तर उत्तम, पंचविशीच्या वर सतत राहिलं तर धोका. घरातली सगळ्यांत थंड, अंधारी जागा शोधा, माळा नको. शंका असेल तर सिगार हवाबंद पिशवीत घालून तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये, मग एक दिवस फ्रीजमध्ये ठेवा आणि मगच बाहेर काढा. एकदम गरम हवेत आणल्या तर रॅपर फाटतो.

युरोपातल्या कोरड्या सिगार आणि तोस्कानो यांना हा सगळा सोपस्कार लागत नाही. मला वाटतं, आपल्या हवेत कधीतरीच ओढणाऱ्यासाठी हा त्यांचा मोठा गुण आहे.

धूर छातीत घेत नाही. मग धोका कमी ना?

नाही. सिगारचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे निकोटीन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात जातं. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका आणि फुप्फुसाच्या कॅन्सरशी सिगारचा संबंध सिद्ध झालेला आहे. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या आख्ख्या पाकिटाएवढी तंबाखू असू शकते. हाताने वळलेली, नैसर्गिक, रसायनं नसलेली, या शब्दांनी त्यात काहीही फरक पडत नाही. सुरक्षित प्रमाण असं काही नाही, आणि ‘रोजची’ हा शब्द खरोखरच रोजच्या सवयीत उतरू नये, असं मला मनापासून वाटतं.

तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंड उघडायला त्रास, यातलं काहीही दिसलं तर लगेच डॉक्टरांना दाखवा. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल, तर गॅलरीतला धूरही आत येतो हे लक्षात ठेवा. ओढताना घाम फुटला, मळमळलं, तर सिगार तिथेच ठेवून द्या, मोकळ्या हवेत बसा, पाणी प्या.

सोबत काय प्यावं?

पारख करताना साधं पाणी. एरवी बिनसाखरेची कॉफी किंवा कोरा चहा. मसाला चहा सिगारची चव गिळून टाकतो.

भारतात बनलेल्या सिगारचं काय?

तमिळनाडूतल्या तिरुचिरापल्लीचे चिरूट एकेकाळी इंग्लंडपर्यंत जात. दोन्ही टोकं कापलेली, आटोपशीर, कडक. दिंडिगुल-वेदसंदूर भागात सिगार आणि चिरूटची तंबाखू आजही पिकते, आणि बंगालच्या कूचबिहारकडची जाती तंबाखू वरच्या पानासाठी वापरली जाते. या चिरूटमध्ये कॅरिबियन गोडी शोधू नका. कोरडी, मातकट, तिखट, जरा रांगडी अशी त्यांची चव असते. एकाच बंडलात एक घट्ट आणि एक सैल, असं फार होतं, आणि वरच्या विभागणीत त्यांचे गुण तिथेच जातात. पान वाईट नाही. वळण्यावर आणि मुरवण्यावर कुणी मेहनत घेतली, तर आपल्या किमतीत आपल्या हवेला साजेशी सिगार मिळू शकेल, असं मला खरंच वाटतं.

परदेशातून येताना किती आणता येतात?

भारतात येताना शुल्कमुक्त सवलत १०० सिगारेट किंवा २५ सिगार किंवा १२५ ग्रॅम तंबाखू, यांपैकी एकाच गोष्टीची आहे. जाण्यापूर्वी कस्टमच्या संकेतस्थळावर ताजे नियम पाहून घ्या. अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी दोन गोष्टी: तिथे तंबाखू विकत घ्यायला २१ वर्षं पूर्ण लागतात, आणि क्युबन सिगार वैयक्तिक वापरासाठीही सामानातून आत नेता येत नाहीत. पंचवीसचं बंडल आणणार असाल तर ते विमानतळावर आयत्या वेळी घेऊ नका. शहरातल्या दुकानात आधी पाच घ्या, तिथेच दोन ओढून पाहा, पटली तरच बंडल बांधून घ्या. सामानात आर्द्रतेच्या पाकिटासह हवाबंद पिशवीत, कपड्यांच्या मधोमध ठेवा.